प्रत्यर्पणाची मागणी आकसाने केली आहे, हे न्यायालयाला कधी पटते?

शिरोली एमआयडीसीत फाउंड्री चालवणाऱ्या एका कुटुंबातील धाकट्या बंधूंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. थोरले बंधू २०१९ च्या अखेरीस इंग्लंडला गेले. पुढे कारखान्याचे कॅश क्रेडिट खाते, म्हणजे खेळत्या भांडवलाचे कर्जखाते, थकले. त्यांनी तिथून बँकेच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याविरुद्ध लेखी तक्रार केली आणि त्यानंतर काही महिन्यांतच बँकेने खाते ‘फ्रॉड’ म्हणून जाहीर केले. फसवणूक, विश्वासघात आणि बनावट कागदपत्रांचा गुन्हा दाखल झाला, दोषारोपपत्र न्यायालयात गेले आणि आता भारत सरकारच्या मागणीवरून त्यांना लंडनमध्ये अटक होऊन सशर्त जामिनावर सोडण्यात आले आहे. हे सारे तक्रारीचा सूड म्हणून घडले, तेव्हा प्रत्यर्पणाची, म्हणजे आरोपीला खटल्यासाठी भारताच्या हवाली करण्याची, मागणीच सद्हेतूने केलेली नाही, असा बचाव घेता येईल का, असे ते विचारतात.

घेता येईल, आणि आपण सांगता तशा तारखा खरोखरच कागदावर असतील तर तो घ्यायलाच हवा. परंतु केवळ या एका मुद्द्यावर प्रत्यर्पण थांबल्याची उदाहरणे फार विरळ आहेत, हे सुरुवातीलाच मनाशी धरून चालावे. आकसाचा आरोप कोणीही कोणावरही करू शकतो, म्हणूनच न्यायालये त्याकडे सावधपणे पाहतात. लंडनचा विषय कोणाच्या ध्यानीमनीही नव्हता अशा काळात, भारतातच, नेहमीच्या कामकाजात तयार झालेले कागद जेव्हा तो आरोप बोलून दाखवतात, तेव्हाच तो टिकतो. वेस्टमिन्स्टर मॅजिस्ट्रेट न्यायालयात युक्तिवाद तिथले बॅरिस्टर करतील, पण त्यांच्या हाती द्यायचा कागद शिरोलीत, शाखेच्या दप्तरात आणि कोल्हापूरच्या न्यायालयात आहे. त्यामुळे हे उत्तर मी मुख्यतः त्या कागदाविषयी लिहितो आहे.

सर्वप्रथम आकस नेमका कोणाचा, हे ठरवावे लागते. प्रत्यर्पणाची मागणी बँक करत नाही आणि पोलीसही थेट करत नाहीत. तपास यंत्रणा प्रस्ताव तयार करते, न्यायालयाचे अटक वॉरंट आणि दोषारोपपत्र त्याला जोडले जाते, राज्याचा तपास असेल तर तो गृह विभागामार्फत वर जातो आणि अखेर परराष्ट्र मंत्रालय भारत सरकारच्या वतीने ब्रिटनकडे मागणी पाठवते. शाखेतल्या किंवा झोनल ऑफिसातल्या एका माणसाच्या मनात राग होता, एवढे दाखवून भारत सरकारची मागणी दूषित ठरत नाही. तो राग फिर्यादीत कसा उतरला, तपास अधिकाऱ्याने आपल्या बाजूचा कोणता कागद समोर असूनही बाजूला ठेवला आणि त्यामुळे ब्रिटनला पाठवलेल्या मागणीत कोणती गोष्ट खोटी किंवा अर्धवट गेली, ही साखळी जोडून दाखवावी लागते. माझ्या पाहण्यात बहुतेक कुटुंबे पहिल्या दुव्यावरच सगळी ताकद खर्च करतात. त्या अधिकाऱ्याचा स्वभाव, त्याने टाकलेले टोमणे, त्याने मागितलेली टक्केवारी यांवर पानेच्या पाने लिहिली जातात आणि पुढच्या दोन दुव्यांबद्दल अवाक्षरही नसते.

आता कायद्यात या मुद्द्याला जागा कुठे आहे ते पाहू. भारत आणि ब्रिटन यांच्यातील प्रत्यर्पण करारावर २२ सप्टेंबर १९९२ रोजी सह्या झाल्या आणि १९९३ पासून तो अमलात आहे. त्याच्या नवव्या अनुच्छेदात दोन निरनिराळी संरक्षणे आहेत. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व किंवा राजकीय मते यांमुळे शिक्षा करण्यासाठीच मागणी केली असेल तर ती नाकारता येते, हे पहिले. आरोप क्षुल्लक आहे, मध्ये फार काळ लोटला आहे किंवा तो न्यायाच्या हितासाठी सद्भावाने केलेला नाही, या कारणांमुळे माणसाला सोपवणे अन्यायाचे वा जाचक ठरत असेल तर नकार देता येतो, हे दुसरे. आपल्या १९६२ च्या प्रत्यर्पण कायद्याच्या कलम २९ मध्येही, परदेशाने भारताकडे केलेल्या मागणीच्या बाबतीत, सद्भावाचा अभाव हे कारण केंद्र सरकारला कामकाज थांबवण्यासाठी दिलेले आहे. म्हणजे हा मुद्दा दोन्ही देशांनी मान्य केलेला आहे.

मात्र वेस्टमिन्स्टरचा न्यायाधीश चालतो तो ब्रिटनच्या २००३ च्या प्रत्यर्पण कायद्यानुसार. त्यातले कलम ८१ वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, लिंग, लैंगिक कल आणि राजकीय मते एवढ्याच कारणांपुरते आहे, आणि बँकेच्या अधिकाऱ्याचा वैयक्तिक राग त्यात कुठेच बसत नाही. आपले बंधू एखाद्या पक्षाचे सक्रिय कार्यकर्ते असतील, कारखान्याच्या किंवा जिल्हा बँकेच्या निवडणुकीत त्यांनी उघड भूमिका घेतली असेल आणि गुन्ह्याचा संबंध तिथे पोहोचत असेल, तरच त्या कलमाकडे वळावे. तसे नसताना ओढूनताणून राजकारण आणले की खरा मुद्दाही संशयास्पद होतो. काळ लोटल्याचे कलम ८२ आहे, पण कारवाई टाळण्यासाठी जाणूनबुजून देश सोडलेल्या माणसाला स्वतःच्याच अनुपस्थितीतून झालेल्या विलंबाचा लाभ मिळत नाही, हा तिथला पक्का नियम आहे. म्हणून बंधू २०१९ मध्ये नेमके कशासाठी गेले, तेव्हा खाते नियमित होते का, परतीचे तिकीट काढले होते का, याची कागदपत्रे आजच शोधून ठेवावीत. खाते थकण्यापूर्वी, उघड व्यावसायिक कारणासाठी गेलेला माणूस आणि नोटीस हाती पडल्यावर रात्रीतून निघून गेलेला माणूस यांत न्यायालय मोठा फरक करते.

आपल्या प्रकरणाला खरा लागू पडणारा मार्ग आहे तो न्यायप्रक्रियेच्या गैरवापराचा. हा मार्ग कलमात लिहिलेला नाही, इंग्लंडच्या न्यायालयांनी तो निर्णयांतून घडवला. टोलमन प्रकरणात २००६ साली त्याची रीत ठरवून दिली गेली. गैरवापर नेमका कोणत्या वर्तनात आहे हे आरोपीने आधी स्पष्ट सांगायचे, ते वर्तन खरे धरले तर त्याला गैरवापर म्हणता येईल का हे न्यायाधीशाने तपासायचे, तसे घडले असावे असे मानायला वाजवी आधार असेल तर मागणी करणाऱ्या देशाकडून खुलासा मागवायचा, आणि गैरवापर झालेला नाही अशी खात्री पटल्याशिवाय प्रत्यर्पणाचा आदेश द्यायचा नाही. या रीतीत एक गोष्ट आपल्या फायद्याची आहे. सुरुवातीला गुन्हा रद्द करण्याइतका पुरावा आणावा लागत नाही, वाजवी आधार पुरतो आणि मग उत्तर देण्याची जबाबदारी भारत सरकारवर जाते. पण पहिलीच पायरी ‘वर्तन नेमके सांगा’ ही आहे, आणि तिथेच मोघम आरोप गळून पडतात. शिवाय मागणी करणाऱ्या देशाने न्यायालयापासून महत्त्वाची वस्तुस्थिती दडवू नये, अशी प्रामाणिकपणाची अपेक्षा तिथे असते. आपल्या प्रकरणात काही हाती लागलेच, तर ते बहुधा या अपेक्षेच्या भंगातूनच लागेल.

इथे एक कटू गोष्ट स्पष्टपणे सांगतो, कारण ती न सांगता पुढे जाणे आपल्यावर अन्याय करणारे होईल. बँकेच्या अधिकाऱ्याला आपल्या बंधूंवर सूड उगवायचा होता हे खरे असू शकते, आणि त्याच वेळी बंधूंनी खेळत्या भांडवलाचे पैसे दुसऱ्याच कंपनीत वळवले हेही खरे असू शकते. दोन्ही एकदम खरे असले, तर पहिल्या गोष्टीने दुसरी पुसली जात नाही. आपल्याकडचा कायदाही हेच म्हणतो. दुर्हेतू सिद्ध करण्याचा भार तो आरोप करणाऱ्यावर असतो आणि हा भार फार जड असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये रॉयप्पा प्रकरणात सांगितले. १९९० च्या भजनलाल निकालात, सूडबुद्धीने आणि छुप्या हेतूने दाखल केलेला गुन्हा रद्द करता येतो, हे तत्त्व आले. परंतु त्याच सुमारास पी. पी. शर्मा प्रकरणात असेही स्पष्ट झाले की, भक्कम पुराव्यावर गुन्हा दिसत असेल तर फिर्याद देणाऱ्याचा हेतू दुय्यम ठरतो. तेव्हा कारखान्याचा खातेउतारा पहिल्या दिवसापासून स्वतः पाहा, चार्टर्ड अकाउंटंटसमोर बसून प्रत्येक मोठी रक्कम कुठे गेली हे विचारा आणि उत्तर आवडो न आवडो, ते वकिलाला सांगा. त्या पैशात ठेवीदारांचाही वाटा आहे. वळवलेल्या पैशाचा हिशेब झाकण्यासाठी आकसाचा मुद्दा वापरायचा असेल, तर मी त्या कामात मदत करणार नाही आणि लंडनमधला कोणी चांगला सॉलिसिटरही करणार नाही.

मोठ्या प्रकरणांचा अनुभव काय सांगतो? विजय मल्ल्या २ मार्च २०१६ रोजी देश सोडून गेले आणि एप्रिल २०१७ मध्ये त्यांना लंडनमध्ये अटक झाली. आयडीबीआय बँकेने २००९ मध्ये किंगफिशर एअरलाइन्सला दिलेल्या कर्जांभोवती ते प्रकरण फिरत होते. आपल्यावरचा खटला राजकीय हेतूने उभा केला आहे आणि तपास यंत्रणेतल्या वरिष्ठांचे वर्तन दूषित आहे, असे त्यांच्या वतीने मांडले गेले. १० डिसेंबर २०१८ रोजी न्यायाधीश एमा आर्बथनॉट यांनी ते फेटाळले. लक्षात ठेवण्यासारखी बाब पुढची आहे. २०१९ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने अपिलाला परवानगी दिली ती फक्त सकृद्दर्शनी पुरावा, म्हणजे वरवर पाहता खटला उभा राहील इतका पुरावा, आहे का, या एकाच मुद्द्यावर, हेतूच्या मुद्द्यावर नाही. ते अपीलही २० एप्रिल २०२० रोजी फेटाळले गेले.

नीरव मोदी यांच्या प्रकरणात, म्हणजे पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील ब्रॅडी हाउस शाखेतून निघालेल्या हमीपत्रांच्या घोटाळ्यात, भारतात निष्पक्ष खटला होणार नाही हे सांगण्यासाठी बचाव पक्षाने सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू यांची साक्ष घेतली. साक्षीपूर्वी ते प्रसारमाध्यमांशी बोलले होते. २५ फेब्रुवारी २०२१ च्या निकालात न्यायाधीश सॅम्युअल गूझी यांनी त्या साक्षीला फारसे वजन दिले नाही आणि तीत जुन्या सहकाऱ्यांविषयीचा रोष व वैयक्तिक भूमिका दिसते, असे नोंदवले. एवढ्या मोठ्या पदावरून निवृत्त झालेल्या व्यक्तीच्या सर्वसाधारण मतांची ही गत झाली, तर गावातल्या प्रतिष्ठितांच्या ‘हे कुटुंब सज्जन आहे’ अशा प्रतिज्ञापत्रांचा तिथे किती उपयोग होईल, याचा आपणच विचार करावा. ती गोळा करण्यात वेळ घालवू नका.

मग काय गोळा करायचे? सर्वात मोलाची वस्तू म्हणजे तारखांचा तक्ता, आणि त्यातल्या प्रत्येक तारखेला आधार देणारा असा कागद की ज्यावर दुसऱ्या कोणाचा तरी शिक्का आहे. एक उदाहरण देतो. एका प्रकरणात कर्जदाराने शाखाधिकाऱ्याविरुद्ध केलेल्या तक्रारीची पोच त्याच्याकडे होती. साधा पिवळा पडलेला कागद, कोपऱ्यात बँकेचा जांभळा आवक शिक्का, त्यात हाताने लिहिलेला क्रमांक आणि तारीख. ‘तक्रार नंतर, बचावासाठी रचली’ असे बँकेचे म्हणणे होते. आम्ही त्या शाखेच्या आवक नोंदवहीची प्रत न्यायालयामार्फत मागवली आणि त्या क्रमांकाच्या वर-खाली दुसऱ्या ग्राहकांची त्याच दिवसाची पत्रे नोंदलेली निघाली. त्याच अधिकाऱ्याने त्या तारखेनंतर खाते फ्रॉड ठरवण्याचा पहिला प्रस्ताव पाठवला होता आणि त्यात तक्रारीचा उल्लेखही नव्हता. हेतूविषयी एकही विशेषण न वापरता त्या दोन कागदांनी जे काम केले, ते लांबलचक प्रतिज्ञापत्राने झाले नसते.

आपल्या फाउंड्रीच्या बाबतीत मी याच रीतीने पुढील गोष्टी तपासेन. दर महिन्याला बँकेला दिलेली स्टॉक स्टेटमेंट आणि त्यावर बँकेच्या निरीक्षकाने प्रत्यक्ष शेडमध्ये येऊन केलेले अहवाल. पिग आयर्न, भंगार, तयार कास्टिंग यांचा साठा फुगवून दाखवला असा आरोप असेल, तर ज्या महिन्यांबद्दल तो आरोप आहे, नेमक्या त्याच महिन्यांत बँकेच्या माणसाने ‘साठा पाहिला, योग्य आढळला’ असे लिहून सही केली आहे का? असेल, तर तो अहवाल ब्रिटनला पाठवलेल्या संचात आहे का? नसेल, तर तो का नाही, हा प्रश्न आकसाच्या कोणत्याही भाषणापेक्षा भारी आहे. फॉरेन्सिक ऑडिटचे मसुदे आणि अंतिम अहवाल यांत काही बदलले असेल आणि ते रीतसर मार्गाने मिळवता आले, तर फरक पानानिशी दाखवावा. एकरकमी परतफेडीचा आपला प्रस्ताव बँकेने केव्हा स्वीकारला, केव्हा नाकारला आणि नाकारण्याचे कारण काय दिले, ती पत्रे लावावीत. बँकेने पुण्याच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात घेतलेली भूमिकाही पाहावी, कारण तिथे ‘व्यवसाय बुडाल्याने थकीत’ आणि पोलिसांकडे ‘सुरुवातीपासून फसवणूक’ असे दोन सूर असतील, तर ती विसंगती बँकेच्याच शपथेवरची आहे. तपासातील साक्षीदारांचे जबाब शेजारी शेजारी ठेवून वाचावेत. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या माणसांनी दिलेल्या जबाबांत परिच्छेदच्या परिच्छेद शब्दशः सारखे असतील, त्यातल्या चुकाही सारख्या असतील, तर त्यांवर रंगीत खुणा करून तक्ता बनवावा.

हे सगळे करण्याचे आणखी एक कारण आहे. ब्रिटनच्या २००३ च्या कायद्याखाली भारताला आजही कलम ८४ प्रमाणे सकृद्दर्शनी पुरावा दाखवावा लागतो. ही सक्ती सगळ्याच देशांना नाही. पोलिसांसमोर दिलेले लेखी जबाब तिथे विचारात घेता येतात, त्यामुळे साक्षीदार लंडनला बोलावला जाईल आणि उलटतपासणीत कोसळेल, या आशेवर राहू नका. पण आकस दाखवण्यासाठी गोळा केलेला तोच कागद सकृद्दर्शनी पुरावा पोखरण्यासाठीही चालतो. गैरवापराचा मुद्दा न्यायाधीशाने फेटाळला, तरी साठ्याचा अहवाल वाया जात नाही. म्हणून मी अशिलांना सांगतो की, आकसाचा वेगळा भाग लिहून झाल्यावर त्यातला प्रत्येक कागद कलम ८४ च्या भागातही कुठे बसतो, ते पाहा.

कोल्हापुरात काय करता येईल, याकडे येतो. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच इथे सुरू झाले असल्याने आता प्रत्येक अर्जासाठी मुंबई गाठावी लागत नाही. गुन्हा कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी किंवा सिंधुदुर्ग जिल्ह्यातला असेल तर इथेच दाद मागता येते. खाते फ्रॉड ठरवण्यापूर्वी कर्जदाराला नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०२३ रोजी राजेश अग्रवाल प्रकरणात सांगितले आणि रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०२४ च्या निर्देशांत उत्तरासाठी किमान २१ दिवस द्यावेत, असे आले. आपल्याला अशी नोटीस मिळाली नसेल तर त्या वर्गीकरणाला आव्हान द्यावे. मात्र वर्गीकरण रद्द झाले म्हणून फौजदारी गुन्हा आपोआप संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे, तेव्हा त्या एका आदेशावर विसंबून लंडनमध्ये ‘गुन्हाच उरला नाही’ असे सांगायला जाऊ नये. त्या आदेशाचा खरा उपयोग वेगळा आहे. बँकेने ऐकून न घेता निर्णय केला, हे भारतातल्याच उच्च न्यायालयाने नोंदवले, अशी ती नोंद होते आणि परक्या न्यायाधीशासमोर तिला वजन असते.

गुन्हाच रद्द करावा असा अर्ज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली करता येतो. पूर्वी तेच फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४८२ होते. अडचण अशी की, अर्जदार परदेशात, त्याच्याविरुद्ध वॉरंट आणि कदाचित फरार असल्याची उद्घोषणाही, अशा स्थितीत न्यायालय हात आखडता घेते. त्यामुळे बंधूंनी तपासाला दिलेल्या प्रत्येक सहकार्याची नोंद फार महत्त्वाची ठरते. तपास अधिकाऱ्याला पाठवलेले ईमेल, व्हिडिओ कॉन्फरन्सने जबाब देण्याची तयारी, भारतीय उच्चायुक्तालयामार्फत पाठवलेली उत्तरे, हे सारे जपून ठेवा. मागणीत त्यांचा उल्लेख न करता केवळ ‘फरार’ असे लिहिले असेल, तर ती वस्तुस्थिती दडवल्याची ठळक खूण आहे. सरकारी बँकांना लुकआउट सर्क्युलर, म्हणजे माणसाला देश सोडण्यापासून रोखणारी सूचना, काढायला लावण्याचा अधिकार देणारी तरतूद मुंबई उच्च न्यायालयाने २३ एप्रिल २०२४ रोजी रद्द केली होती. आपल्या प्रकरणात बँकेच्या विनंतीवरून असे सर्क्युलर निघाले होते का, हेही तपासावे.

इंटरपोलची रेड नोटीस, म्हणजे माणसाला शोधून ताब्यात घेण्याची सदस्य देशांच्या पोलिसांना केलेली विनंती, असेल तर तिला वेगळे आव्हान देता येते. इंटरपोलच्या फाइलींवर नियंत्रण ठेवणारा स्वतंत्र आयोग फ्रान्समधील लिऑन येथे आहे, त्याच्याकडे लेखी अर्ज जातो आणि मेहुल चोक्सी यांची रेड नोटीस २०२२ मध्ये याच आयोगाच्या निर्णयानंतर मागे घेतली गेली. तरीही २०२५ च्या एप्रिलमध्ये त्यांना बेल्जियममध्ये भारताच्या मागणीवरून अटक झाली. आपले बंधू अटकेत येऊन गेले असल्याने नोटिशीच्या मागे लागण्याची आज घाई नाही. प्रवासाचा प्रश्न येईल तेव्हा तो अर्ज करता येईल.

आकसाच्या मुद्द्याला चिकटून राहिल्याने ज्याकडे दुर्लक्ष होते, पण जो प्रत्यक्षात जास्त वेळा चालतो, तो मुद्दा तुरुंगाचा आहे. संजय भंडारी यांचे प्रकरण बँकेचे नव्हते, करचुकवेगिरीचे आणि मनी लाँडरिंगचे होते. पण २८ फेब्रुवारी २०२५ रोजी लंडनच्या उच्च न्यायालयाने त्यांची सुटका केली, ती तिहार तुरुंगात खंडणी आणि मारहाणीचा खरा धोका आहे आणि काळ्या पैशाच्या कायद्यातील, आरोपीचा हेतू दोषीच होता असे आधीच धरून चालणारे गृहीतक न्याय्य खटल्याला बाधक आहे, या कारणांवर. उलट मल्ल्यांच्या बाबतीत आर्थर रोड तुरुंगातल्या बराक क्रमांक १२ चे चित्रीकरण दाखवून सरकारने न्यायालयाचे समाधान केले. क्रिकेट सामनानिश्चितीतील संजीव चावला यांचे प्रत्यर्पण आधी तिहारमुळे अडले होते, ते हमी दिल्यावर मार्गी लागले आणि फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांना आणले गेले. आपला खटला कोल्हापुरात चालणार असेल तर ठेवणार कुठे, कळंब्याला की आर्थर रोडला, हा प्रश्न सरकारला लेखी विचारायला लावा. आर्थर रोडसाठी दिलेली हमी कळंब्याला लागू होत नाही. कळंबा मध्यवर्ती कारागृहाची मंजूर क्षमता, प्रत्यक्ष कैद्यांची संख्या, वैद्यकीय अधिकाऱ्यांची पदे, ही माहिती माहितीच्या अधिकारात अर्ज करून मिळवता येते आणि तो अर्ज आजच टाकावा, कारण उत्तर यायला आणि अपील करावे लागले तर ते चालायला महिने जातात. बंधूंना मधुमेह, हृदयविकार किंवा मानसिक आजार असेल तर तिथल्या स्वतंत्र डॉक्टरांचा अहवाल घ्यावा, इथल्या फॅमिली डॉक्टरांचे प्रमाणपत्र पुरणार नाही.

विशिष्टतेच्या नियमाबद्दलही दोन शब्द लिहितो. ज्या गुन्ह्यांसाठी माणूस सोपवला, त्यांच्याखेरीज इतर जुन्या गुन्ह्यांचा खटला परवानगीशिवाय चालवता येत नाही, हा आपल्या कायद्याच्या कलम २१ मधला नियम आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने तो २००१ मध्ये दयासिंग लाहोरिया प्रकरणात मान्य केला. अबू सालेमवर पुढे जादा आरोप लावल्यामुळे पोर्तुगालच्या न्यायालयाने २०११ मध्ये प्रत्यर्पणाची परवानगीच रद्द ठरवली होती. मागणीत तीन कलमे असताना इथल्या न्यायालयात पुरवणी दोषारोपपत्राने नवी कलमे येत असतील, किंवा त्याच व्यवहारावर ईडीने वेगळी तक्रार दाखल केली असेल, तर त्याची नक्कल लगेच लंडनला पाठवा. मागणीच्या आत एक आणि प्रत्यक्षात दुसरेच, हे दाखवणारा तो ठोस कागद असतो.

आता जे करू नये ते. बंधूंनी वृत्तवाहिनीला मुलाखत देऊ नये आणि समाजमाध्यमांवर त्या अधिकाऱ्याचे नाव घेऊन काही लिहू नये, कारण लंडनमध्ये सरकारी वकील तेच वाचून दाखवतात. इथे घरच्यांनी बँकेतल्या साक्षीदारांना भेटू नये, अगदी जुना स्नेह असला तरी नाही. तशी एक भेट ‘साक्षीदारावर दबाव’ म्हणून जामीन रद्द करण्याच्या अर्जात येते. कारखान्याची यंत्रे, जागा किंवा घर कोणाच्याही नावावर करू नये. आपल्या सांगण्यानुसार रक्कम १०० कोटींच्या आत असल्याने २०१८ चा फरारी आर्थिक गुन्हेगार कायदा आपल्याला लागू होत नाही, पण सरफेसीची (बँकांना तारण मालमत्ता ताब्यात घेऊ देणाऱ्या कायद्याची) आणि ईडीची जप्ती लागू होऊ शकते, आणि जप्तीच्या तोंडावर केलेले हस्तांतर बचावाचा पायाच काढून घेते.

बंधूंनी स्वतःहून परत यावे का, असेही आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे. जामिनाची ठोस शक्यता असेल, बहुतांश पुरावा कागदोपत्री असून तो आधीच जप्त झाला असेल आणि खातेउताऱ्यात काही लपवण्यासारखे नसेल, तर आपणहून येऊन कोल्हापूरच्या न्यायालयात हजर होणे हा मार्ग मी गांभीर्याने विचारात घ्यायला सांगेन. प्रत्यर्पणाला विरोध करत लंडनमध्ये वर्षे काढून शेवटी पोलिसांच्या पहाऱ्यात येणाऱ्या माणसाला इथे जामीन मिळणे फार कठीण होते. हा निर्णय मात्र खातेउताऱ्याचे काम पूर्ण झाल्यावरच घ्यावा. तोपर्यंत वेस्टमिन्स्टरमधली प्रत्येक तारीख आणि जामिनाची प्रत्येक अट काटेकोरपणे पाळावी, आणि निकाल विरोधात गेल्यास अपिलाची मुदत केवळ १४ दिवसांची असते, म्हणून सॉलिसिटरकडे अपिलाची कारणे आणि वर सांगितलेल्या कागदांच्या साक्षांकित प्रती, मराठी कागदांच्या इंग्रजी भाषांतरासह, निकालाच्या आधीच पोहोचलेल्या असाव्यात.